खुंटीवरची सायकल

आमच्या पडवीच्या भिंतीत दोन लोखंडी खुंट्या आहेत. त्यांच्यावर दोन वर्षे आमची जुनी सायकल टांगलेली होती. आज तेथे सायकल नाही. भिंतीवर चेनच्या तेलाचा एक लांबट काळा डाग मात्र उरला आहे. गेल्या नाताळापूर्वी घराला रंग दिला, तेव्हा रंगाऱ्याने तो तीनदा झाकला आणि तीनदा तो वर आला. सौभाग्यवतींचे म्हणणे असे की, आधी भिंत घासून घ्यावयास हवी होती. त्यांचे म्हणणे बरोबर आहे. आम्ही त्यावर काही बोलत नाही.

वर्षानुवर्षे उपयोगी पडलेली, अंगवळणी पडलेली एखादी वस्तू बाजूला सारून तिच्या जागी नवी आणावी, यात काही नैतिक प्रश्न असू शकतो काय? वरवर पाहता मुळीच नाही. वस्तू ती वस्तू. झिजली की बदलावी. आम्हीही इतरांना हेच सांगितले असते. परंतु या सायकलीपायी आम्ही एका बाईशी खोटे बोललो, आणि तेव्हापासून हा प्रश्न आम्हांला सोडीत नाही. म्हणून वाचकांसमोर तो जसा आम्हांला पडला तसाच मांडीत आहोत.

सायकल घेतली १९७८ साली. परभणीला जिंतूर रस्त्यालगतच्या एका खेड्यात आम्हांला शिक्षकाची नोकरी लागली होती, आणि पतपेढीच्या कर्जातून ही बावीस इंची ॲटलस दारात आली. काळा रंग, सळईचे ब्रेक, मागे रुंद कॅरिअर. त्या काळी नवी सायकल आली की ती आधी देवळात नेण्याची आमच्या घरी रीत होती. फादरांनी तिच्यावर पवित्र पाणी शिंपडले, थोडे आमच्यावरही उडाले, आणि आम्ही पायडल मारले. पुढची चव्वेचाळीस वर्षे ते पायडल थांबले नाही.

मराठवाड्याच्या काळ्या मातीत ज्याने पावसाळ्यात सायकल चालविली आहे, त्यालाच तिचे खरे स्वरूप ठाऊक. ती माती चाकाला लागत नाही, चाकात राहावयास येते. मडगार्ड आणि टायर यांच्यामध्ये तिची थापी बसली की चाक जागच्या जागी अडते. मग उतरावे, काडीने माती खरवडावी, दहा पावले ढकलावे आणि पुन्हा खरवडावे. शेवटी सायकलच खांद्यावर घ्यावी. आम्ही सायकलवरून जितके कोस गेलो, त्यांतील काही कोस तरी सायकल आमच्यावरून गेली आहे. एकदा अशाच चिखलात फादरांची जीप रुतली. खेड्यात एक आजारी माणूस अखेरच्या घटका मोजीत होता. तेव्हा तेलाभ्यंगाची लहानशी पेटी छातीशी धरून फादर आमच्या कॅरिअरवर बसले आणि आम्ही त्यांना घेऊन गेलो. माणूस आम्ही पोहोचल्यानंतर तासाभराने गेला. आमची मुलगी दांडीवर बसविलेल्या छोट्या सीटवरून शाळेत गेली, आणि पुढे कॅरिअरवरून परीक्षेला. २०१६च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले होते. त्या उन्हाळ्यात आमच्या हँडलला दोन्ही अंगांनी घागरी लटकत असत. घागरींच्या कडांनी हँडलच्या उजव्या मुठीशेजारी एक पोचा पडला. तो अंगठ्याला अजून आठवतो.

नवी सायकल घेण्याचे कारण अगदी साधे होते. गुडघे. वीस किलोंच्या आसपासचे ते धूड वसमत रस्त्याच्या चढावर आमच्या वयाला पेलेना. शिवाय सुटे भाग दुर्मीळ होऊ लागले होते. ॲटलस कंपनीने आपला साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी बंद केला. तो दिवस जागतिक सायकल दिनाचा होता. योगायोगही कधी कधी फार निर्दय असतात. १९५१ साली सोनीपतला सुरू झालेला हा उद्योग असा थांबला. २०२२ साली मुलीने पैसे पाठविले आणि आम्ही गिअरची, हलकी, निळी सायकल आणली.

येथे एक कबुली देतो. नवी सायकल चांगली होती, हीच खरी पंचाईत. ती वाईट निघाली असती, तर आम्ही जुनीचे गोडवे गात सुखाने जगलो असतो. पहिल्याच दिवशी आम्ही तो चढ न उतरता चढलो आणि वर पोहोचल्यावर चक्क शीळ घातली. घरी येऊन पाहतो तो पडवीत जुनी उभी. दुसरपणाच्या नवरदेवाने पहिलीच्या फोटोसमोरून जावे, तसे आम्ही तिच्यासमोरून मान खाली घालून आत गेलो. हसावे अशीच गोष्ट आहे, आम्हीही हसलो. परंतु ज्या दुकानातून नवी घेतली, त्याने जुनी आणून द्या, किमतीत काही वजा करतो, असे म्हटले, तेव्हा मात्र आम्ही रागावलो. इतके रागावण्यासारखे त्यात काही नव्हते.

राग खरे तर शब्दाचा होता. "मोडीत देऊन टाका," असे तो म्हणाला होता. आपल्या भाषेत वस्तूंना निरोप देण्याच्या किती सभ्य रीती आहेत! बांगडी फुटली असे आपल्या आया म्हणत नसत, वाढली म्हणत. नारळ फोडीत नाहीत, वाढवतात. दुकान बंद करीत नाहीत, तेही वाढवतात. जुने लुगडे फेकीत नसत. त्याची वाकळ होई, आणि लुगडे नेसणारी गेल्यावरही तिची नातवंडे तिच्या उबेत झोपत. पण याच भाषेत मोड हाही शब्द आहे. जुने पितळेचे भांडे तराजूत घालावयाचे आणि त्याच्या वजनाइतका मोल नव्यात वळता करून घ्यावयाचा. त्या क्षणी भांड्याचा सारा इतिहास पुसला जातो आणि उरतो तो धातू. आमच्या सायकलीचे नुसते लोखंड व्हावे, हे आम्हांला सोसले नाही. म्हणून ती खुंटीवर चढली.

आमच्या मनाने या कृतीला लगेच एक पवित्र कारणही शोधून दिले. आशीर्वादित वस्तू अशी कशी टाकावी? झावळ्यांच्या रविवारी मिळालेली पाती आपण उकिरड्यावर टाकीत नाही. आमच्याकडे माड नाहीत, शिंदीच्या पात्यांवर भागते. पण तीही वर्षभर क्रुसामागे खोचलेली असतात, आणि वर्ष सरल्यावर देवळात परत जातात. त्यांचीच राख होऊन राखेच्या बुधवारी आपल्या कपाळी येते. जीर्ण झालेली वेदीवरची वस्त्रेही आदरपूर्वक जाळतात किंवा पुरतात. मग पवित्र पाणी पडलेली सायकल भंगारात? आम्ही हा युक्तिवाद एका फादरांना मोठ्या आत्मविश्वासाने ऐकविला. ते म्हणाले, "मास्तर, वाहनाला आशीर्वाद देताना प्रार्थना त्यावर बसणाऱ्यांसाठी असते. भिंतीसाठी नसते." आम्ही तो विनोद म्हणून सोडून दिला.

विचार करावयास बसलो की तत्त्वज्ञान मदतीला धावून येते, आणि बहुधा चुकीच्या बाजूने. प्लुटार्कने थीसिअसच्या जहाजाची हकीकत सांगितली आहे. अथेन्सच्या लोकांनी ते जहाज स्मारक म्हणून जपले. फळी कुजली की काढीत आणि तेथे नवी बसवीत. सगळ्या फळ्या बदलल्यावर ते तेच जहाज राहिले काय, यावर तत्त्वज्ञ वाद घालीत. पुढे इंग्लंडच्या थॉमस हॉब्जने १६५५च्या आपल्या ग्रंथात त्यात आणखी एक पेच घातला. काढलेल्या जुन्या फळ्या कोणी जपून ठेवल्या आणि त्यांचे त्याच क्रमाने पुन्हा जहाज उभे केले, तर खरे जहाज कोणते?

हॉब्जने आमच्या मिस्त्रीचाचांचे दुकान पाहिले नव्हते. आमच्या सायकलीचे रिम दोनदा बदलले, सीट तीनदा, तारा किती वेळा ते देव जाणे. टायर-ट्यूबांचा तर हिशेबच नाही. १९७८ सालचे म्हणता येतील असे सांगाडा, हँडल आणि कॅरिअर एवढेच उरले होते. तरीही ती तीच सायकल होती, याविषयी आम्हांला कधी शंका आली नाही. परंतु चाचा काढलेले भाग फेकीत नसत. त्यांच्याजवळ एक जुना तुपाचा डबा होता. त्यात छर्रे, नट, फ्रीव्हीलचे दात, अर्धे पायडल असे सारे काही पडे, आणि कोणा गरजूच्या सायकलीला त्यातूनच काही लागे. एकदा ओव्हरहॉलिंगला आलेल्या एका दूधवाल्याच्या सायकलीकडे बोट दाखवून चाचा म्हणाले होते, "मास्तर, तिच्या मागच्या चाकात तुमचे छर्रे फिरताहेत." जुन्या फळ्यांचे काय होते, या प्रश्नाला हॉब्जने स्मारकाचे उत्तर कल्पिले, चाचांचे उत्तर दुधाच्या किटल्यांचे होते. ते आम्ही ऐकले, हसलो आणि विसरलो.

आता त्या बाईविषयी.

आमच्या गल्लीत तीन-चार घरी धुण्याभांड्याला त्या येतात. त्यांचा मुलगा तेव्हा नववीत होता. वस्तीपासून शाळा चांगली चार किलोमीटर, आणि मुलाची वाट अशी की त्या बाजूला शाळेच्या वेळी बस नाही. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात, आणि ती फार चांगली गोष्ट आहे. पण हा मुलगा होता. नवी सायकल येऊन महिना झाला असेल. बाई पडवीत उभ्या राहिल्या, भिंतीकडे पाहिले आणि म्हणाल्या, "मास्तर, ती भितीवरली सायकल लेकराला देता का? हप्त्या-हप्त्यानं पैसे फेडते."

आम्ही म्हणालो, "ती चालण्यासारखी राहिली नाही, बाई."

हे खोटे होते. आठवड्यापूर्वीच आम्ही तिला तेल घातले होते, खाली उतरवून गल्लीच्या टोकापर्यंत एक फेरीही मारली होती. शब्द तोंडातून इतके सहज निघाले की, ते खोटे आहेत हे त्या निघून गेल्यावर आमच्या ध्यानात आले. त्यांनी पुन्हा विचारले नाही. आणि आम्ही, चाळीस वर्षे वर्गात मुलांना खरे बोलण्याचे धडे देणारे, त्या दिवसापासून सायकल खाली उतरविणेच टाळू लागलो, कारण ती चालविताना बाईंनी पाहिले तर काय म्हणतील?

वस्तूंवर प्रेम करावे की नाही, हा प्रश्न ख्रिस्तसभेला नवा नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी तो आपल्या 'सुम्मा थिओलॉजिए' या ग्रंथात अगदी नेमका विचारला आहे: ज्यांना बुद्धी नाही, अशा निर्मितीवर प्रीतीच्या सद्‌गुणाने प्रेम करता येते काय? त्यांच्या उत्तराचा आशय असा, की मित्रावर करावे तसे करता येत नाही. मित्राचे आपण भले चिंततो. पण ते भले स्वतःचे म्हणून भोगण्याची शक्ती निर्बुद्ध निर्मितीत नसते, आणि तिच्याशी सहजीवनही संभवत नाही. मात्र ती दुसऱ्या कोणाला लाभावी अशी इच्छा धरून, देवाच्या गौरवासाठी आणि माणसाच्या उपयोगासाठी, तिच्यावर प्रेम करता येते. हे वाचून आम्ही पुस्तक मिटले. आम्ही सायकलीवर मित्रासारखे प्रेम करीत होतो आणि त्याचा मनातल्या मनात अभिमान बाळगीत होतो. तिला कशाचे सुख-दुःख? खुंटीवर तिला बरे वाटत नव्हते आणि भंगारात वाईट वाटले नसते. पोळ्याला आमच्या जिल्ह्यातला शेतकरी बैलाला पुरणपोळी चारतो, तेव्हा बैलाच्या पोटात ती जाते तरी. आमची कृतज्ञता कोणाच्याच पोटात जात नव्हती. जी जात होती ती आमच्याच.

तरीही एवढ्याने आमचे समाधान होत नाही, हेही सांगितले पाहिजे. वस्तूला काही कळत नाही, एवढ्यावरून आपण तिच्याशी कसेही वागावे, असे ठरत नाही. सायकल ज्यांनी जोडली, ज्यांनी तिचे चाक सरळ केले, जे तिच्यावरून गेले, त्या साऱ्यांचे कष्ट तिच्यात गुंतलेले असतात. नवे आले की जुने सहज भिरकावणारा माणूस उद्या जुन्या माणसांशी कसा वागेल, अशी शंका आमच्या पिढीला येते आणि ती अगदीच अनाठायी नाही. पोप दुसरे जॉन पॉल यांनी ३० डिसेंबर १९८७च्या तारखेच्या 'सोलिसितुदो रेई सोसियालिस' या परिपत्रकात अगदी याच सवयीवर बोट ठेवले आहे: हाती असलेली वस्तू तिच्याहून सरस वस्तू आल्यामुळे माणूस टाकून देतो. ते परिपत्रक आम्ही प्रथम वाचले, तेव्हा ही टीका शहरांतल्या चैनी लोकांवर आहे, असे समजून आम्ही संतुष्ट झालो होतो. सायकल भिंतीवर असताना पुन्हा वाचले. त्यांची तक्रार दुहेरी आहे, हे तेव्हा दिसले. टाकणारा त्या वस्तूत टिकून राहिलेल्या मोलाचा विचार करीत नाही, ही एक. आणि तिची गरज असलेल्या आपल्याहून गरीब माणसाचा विचार करीत नाही, ही दुसरी. पहिल्या कलमातून आम्ही निर्दोष सुटलो होतो. सायकलीचे मोल आमच्याइतके कोणी ओळखले असेल? दुसऱ्या कलमात मात्र फेकणारा आणि टांगणारा हे दोघे एकाच बाकावर बसतात. वस्तू कचऱ्यात असो की खुंटीवर, नववीतले लेकरू पायीच जाते.

संत लूक यांच्या शुभवर्तमानात नवा द्राक्षारस आणि जुने बुधले यांच्या दाखल्याला एक शेपूट आहे, ते इतर शुभवर्तमानांत नाही. जुना द्राक्षारस चाखलेल्या माणसाला नवा लगेच नको असतो, अशा अर्थाचे. प्रभूच्या स्वरात तेथे किंचित हसू असावे, असे आम्हांला नेहमी वाटत आले आहे. आमची गत उलटी होती. आम्हांला नवाही हवा होता आणि जुनाही. फक्त तो दुसऱ्या कोणी पिऊ नये.

प्रायश्चित्त संस्काराच्या वेळी आम्ही हे सांगितले, परंतु दोन वर्षांनी. तोपर्यंत ते पाप फार लहान आहे, अशी आम्ही स्वतःची समजूत घातली होती. दुसऱ्या दिवशी सायकल खुंटीवरून उतरविली. टायरला भेगा पडल्या होत्या, चेन गंजून एकाच सांध्यात आखडली होती, पायडल फिरेना. आमचे खोटे दोन वर्षांत खरे झाले होते. ढकलीत चाचांकडे नेली. त्यांनी चाक उचलून पाहिले, आमच्याकडे पाहिले आणि म्हणाले, "मास्तर, चलती थी तो सुधरती थी. खडी चीज को जंग लगताच है." ओव्हरहॉलिंगला तीन दिवस लागले, टायर, ट्यूब, चेन सारे नवे. त्या तीन दिवसांत मनात आले होते की, मुलाला नवी निळी द्यावी आणि जुनी आपण ठेवावी. दान द्यावयाचे तर चांगल्याचे द्यावे, उतरलेल्याचे नव्हे. ते मनातच राहिले. गुडघ्यांचे निमित्त होतेच, पण खरे कारण गुडघे नव्हते. तेवढे मोठे आमचे मन नाही.

बाईंना सायकल दिली, तेव्हा मुलाची दहावी होऊन गेली होती. तो आता शहरातच आयटीआयला जातो आणि पास काढून बसने जातो. त्याला सायकलीची गरज उरली नव्हती. दोन पावसाळे तो चार किलोमीटर जाताना आणि चार येताना ज्या चिखलातून चालला, तो आम्ही चांगला ओळखतो. त्यातले एक पाऊलही आम्हांला आता परत घेता येणार नाही. हे आम्ही बाईंसमोर कसेबसे बोललो. सायकल तेव्हाही चालत होती, हेही सांगितले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मला ठावं होतं, मास्तर. खालच्या आळीतून तुम्हांला दिसलं होतं चालवताना." आणि मग, "ह्यांच्या कामाला येईल," असे म्हणून सायकल घेऊन गेल्या.

त्यांचे यजमान भाजी विकतात. गेल्या महिन्यात आठवडी बाजारात आम्ही पिशवी घेऊन हिंडत होतो. एका कडेला भिंतीला टेकून एक हिरवी सायकल उभी होती. कॅरिअरला दोन्ही बाजूंनी बारदानाची पोती, दांडीवर तराजू लटकवलेला. आम्ही ओळखली नाही. मेथी घ्यावयास वाकलो, तोल सावरावा म्हणून हँडल धरले आणि अंगठा पोच्यात बसला. हिरवा रंग नुकताच दिलेला असावा. मुठीशेजारी तो आताच घासून खालचा काळा दिसू लागला होता.

यजमानांनी मेथीच्या दोन जुड्या पिशवीत टाकल्या आणि भाव सांगितला. आम्ही सवयीने घासाघीस केली. त्यांनी एक रुपयाही कमी केला नाही.